डंभारे मॅडमची पकड

डंभारे मॅडम उभ्या असलेल्या आमच्या गावात फार कमी लोकांनी पाहिल्या असतील. त्या बसलेल्या असत, नाहीतर आडव्या. घरी कोणी आलं तरी दिवाणावरून उठत नसत. "या" म्हणून हातानं खुर्ची दाखवत, आणि ती खुर्ची पाहुण्यानंच ओढून घ्यायची. बाजाराला त्या जात नसत, बाजार त्यांच्याकडे येई. लग्नाला गेल्या तर मांडवात शिरल्याबरोबर भिंतीकडेची जागा धरत आणि पंगत त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत हलत नसत. या बाईंनी मला आणि शाळेतल्या मुलींना ज्युदो शिकवला, असं मी सांगते तेव्हा ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे पाहतो आणि मग हसतो.

आमचं गाव राळेगाव तालुक्यातलं, राळेगावपासून एसटीनं अर्ध्या तासावर. ती कापसाची पडती वर्षं होती. कापसाचा भाव हा विषय जेवताना काढायचा नाही, अशी घरोघर सोय झाली होती. मुंबईहून, दिल्लीहून पथकं येत, लिंबाखाली बसत, चहा पीत आणि आम्हाला समजून घेत. समजून घेऊन झालं की गाडीत बसून परत जात. त्यातूनच कधीतरी कोणाला सुचलं असावं की या भागातल्या मुलींना स्वसंरक्षण शिकवावं. तसा हुकूम शाळेत आला. कापसाचा आणि याचा संबंध काय, हे आमचे मुख्याध्यापक मोहोड सर यांना कळलं नाही. पण हुकूम कळण्यासाठी नसतो, पाळल्याचं कळवण्यासाठी असतो, एवढं त्यांना नोकरीत चांगलं कळलं होतं.

"झाडे बाई, तुम्ही नवीन आहात," ते मला म्हणाले. नवीन असणं हीच माझी पात्रता. मी शिक्षणसेवक म्हणून लागले होते, आणि जे काम शाळेत कोणीच करत नाही ते शिक्षणसेवकाला येतं असं तेव्हा समजलं जाई. "ढोराच्या दवाखान्यात नवीन डॉक्टर आले ना, त्यांच्या मिसेस नागपूरच्या आहेत. ज्युदोच्या मोठ्या खेळाडू म्हणतात. तुम्ही शिका आणि पोरींना शिकवा. शाळेला खर्च येता कामा नये."

मी दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये गेले तेव्हा मोठ्या खेळाडू दिवाणावर आडव्या होत्या. पोटावर मुरमुऱ्यांचं ताट होतं, समोर टीव्हीवर मालिका चालू होती. खाली शतरंजीवर बसून एक बारीक, चष्मेवाले गृहस्थ लसूण सोलत होते. तेच डॉक्टर.

"नाव काय तुह्यं?" मॅडमनी मालिकेवरची नजर न काढता विचारलं.

"अर्चना झाडे."

"झाडे म्हनते, अन् हाय काडी," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. डॉक्टर हसले नाहीत, लसूण सोलत राहिले. "तुले ज्युदो शिकाचा हाय?"

"मला नाही. मोहोड सरांना पाहिजे आहे."

"मंग मोहोडले पाठव."

मोहोड सर बारदान्याच्या गाठोड्यासारखे गोल होते. ते या बाईंच्या समोर उभे राहिले तर कसं दिसेल हे डोळ्यांसमोर आलं आणि मला हसू फुटलं. मॅडमनी पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ताट बाजूला ठेवलं.

"काहून हसली व? ये. नीज इथं खाली."

मी शतरंजीवर उताणी झोपले. त्या दिवाणावरून उतरल्या असं म्हणणं बरोबर होणार नाही. त्या माझ्यावर सांडल्या. एक हात माझ्या मानेखालून गेला, माझा उजवा हात त्यांच्या काखेत गडप झाला, त्यांची कंबर माझ्या बरगड्यांना चिकटून बसली आणि डोकं खाली गेलं. "उठ आता," त्या म्हणाल्या. मी पाय झाडले, कंबर उचलली, कूस बदलायला पाहिली. काही झालं नाही. मी इतकी धडपड करत असताना त्यांनी मान जराशी वर करून मालिका बघणं चालू ठेवलं होतं.

"मॅडम, सोडा."

"जाहिरात लागली की सोडतो."

मला छताचा पंखा आणि डॉक्टरांचे पाय एवढंच दिसत होतं. ते पाय स्वयंपाकघरात गेले, परत आले, आणि माझ्या डोक्याशी चहाचा कप ठेवला गेला. "निवू द्या," डॉक्टर हळूच म्हणाले. "जाहिरातीला वेळ आहे अजून."

सुटल्यावर मी चहा प्यायले. मॅडम पुन्हा दिवाणावर गेल्या होत्या. "हे केसा-गातामे," त्यांनी सांगितलं. "ज्युदोत उभ्यानं पाडनं असते अन् खाली धरनं असते. म्या तुमाले धरनंच शिकवीन. पाडाले कायले शिकाचं? पडते तं मानूस आपल्या कर्मानंच. पडल्यावर त्याले उठू द्याचं नाही, ते शिकाचं."

हे तत्त्वज्ञान ऐकून मी भारावून गेले. पुढं डॉक्टरांनी मला सांगितलं की कॉलेजातच मॅडमचा गुडघा गेला होता आणि उभ्यानं पाडणं त्यांना जमतच नव्हतं. जे येत नाही त्याला कमी लेखायचं आणि जे येतं त्यालाच विद्या म्हणायचं, ही रीत मी पुढं बऱ्याच विद्वानांत पाहिली. मॅडमइतक्या आत्मविश्वासानं ती पाळताना मात्र कोणाला पाहिलं नाही.

टीव्हीवर विणलेल्या रुमालावर त्यांचं विद्यापीठाचं कांस्यपदक ठेवलेलं असे. त्याची हकिकत दूधवाल्याला माहीत होती, गॅसवाल्याला माहीत होती, दवाखान्यात म्हैस घेऊन आलेल्यांनाही माहीत होती. एकदा त्या आत असताना डॉक्टर मला म्हणाले, "त्या वजनात तीनच मुली होत्या. मंदा दोघींशी हरली." मग जरा थांबून, न्यायानं वागायचं म्हणून, "पण दोघींनाही दम फार लागला होता."

आतून आवाज आला, "तीन तं तीन. बाकीच्या घरी बसल्या व्हत्या ना? त्याईले म्या हरवलं."

वर्गाला जागा मिळाली ती बंद पडलेल्या जिनिंगच्या एका हॉलमध्ये. यंत्रं मालकानं केव्हाच विकली होती, पत्र्याखाली चिमण्या राहत होत्या. गाद्या कुठून आणायच्या हा प्रश्न मॅडमनी झोपल्या झोपल्या सोडवला. प्रत्येक मुलीनं घरून कापूस आणायचा. मला वाटलं, आईबाप शिव्या देतील. उलट त्यांनी पोत्यानं दिला. खरेदी केंद्रावर नेऊन नाक मुरडून घेण्यापेक्षा पोरीच्या पाठीखाली जाऊ दे, असं त्यांचं म्हणणं. गादीवाल्यानं तो पिंजून दिला आणि वरून ताडपत्री शिवली. त्या वर्षी आमच्या तालुक्यात कापसाला सगळ्यात चांगली वागणूक आमच्या हॉलमध्ये मिळाली असेल. निदान तिथं त्याला कोणी ओला आहे, पिवळा आहे म्हणून परत पाठवलं नाही.

ज्युदोचे जाड अंगरखे विकत घेण्याची गोष्टच नव्हती. मॅडमनी टेलरकडून बारदान्याचे शिवून घेतले. पकड चांगली बसे, पण मुली घरी जाऊन रात्रभर खाजवत आणि त्यांच्या आया मॅडमच्या नावानं बोटं मोडत. मॅडम स्वतः मात्र मऊ सुती गाऊनवर सलवार घालून येत. "मले कोनी पकडत नाही, मले कायले बारदाना?" हा त्यांचा खुलासा.

केसा-गातामे म्हटल्यावर मुलींना वाटलं केस धरायचे असतात. सगळ्या घट्ट अंबाडे घालून आल्या. नववीतली प्रज्ञा भगत धीट होती, तिनं विचारलंच. मॅडम म्हणाल्या, "केस नाही व, केसा. भिक्खूचं चीवर असते ना, एका खांद्यावरून आडवं जाते? त्याले तिकडं केसा म्हन्तेत. तसा आपला हात जाते आडवा."

प्रज्ञाच्या घरी तसबिरीपुढं रोज वंदना होत असे. ती विचारात पडली. "पण मॅडम, भिक्खू तर सगळं सोडून देतात."

"बरोबर. भिक्खू सोडते अन् आपन सोडत नाही. एवढाच फरक."

त्या शिकवत त्या कुशीवर पडून, डोक्याखाली हात घेऊन, दुसऱ्या हातात पऱ्हाटीची, कापसाच्या झाडाची, वाळकी काडी. आम्ही गादीवर जोडीनं धडपडायचो आणि ती काडी आमच्या कमरेत टोचायची. "बुड खाली. अजून खाली. बुड वर असलं की समोरचा निसटते." केसा-गातामे झालं की आडवं पडून धरायचं योको-शिहो, मग उशाकडून धरायचं कामी-शिहो. ही नावं घेताना त्यांची जीभ अडखळत नसे. मात्र मोहोड सरांचं नाव त्यांनी शेवटपर्यंत कधी नीट घेतलं नाही. त्यांना त्या "तुमचा मोड" म्हणत.

शिकण्यात सगळ्यात मठ्ठ मीच निघाले. मी प्रज्ञाला धरायची, ती कण्हायची, आणि मी हात सैल करून विचारायची, "लागलं का ग?" तेवढ्यात ती उलटून माझ्यावर बसलेली असे. असं रोज व्हायचं.

"तुले धराचं हाय का माफी मागाची हाय?" मॅडम विचारत. "दोन्ही एकदम होत नाही. आधी धर, मंग घरी जाऊन माग."

"माझ्यात जोर नाही, मॅडम."

"जोर कोन मागून राह्यलं? हाताचा जोर दम लागला की सरते. वजन सरत नाही. वजन टाक."

"वजन तरी कुठे आहे?"

"काडीचंबी असते. टाकून तं पाह्य कधी. तू निरा उचलून धरतं स्वतःले. जशी काही कोनाच्या घरी उसनी आली."

हे शेवटचं वाक्य मला लागलं, कारण ते खरं होतं. मी शाळेत तशीच वावरायची, घरी तशीच. खुर्चीवर बसले तरी अर्धीच बसायची. मग एका संध्याकाळी प्रज्ञाच्या छातीवर आडवी असताना मी पहिल्यांदा श्वास सोडला आणि स्वतःला खरोखर खाली जाऊ दिलं. हातांनी आवळणं बंद केलं. गंमत अशी की मग तिची प्रत्येक हालचाल व्हायच्या आधी मला माझ्या पोटाला कळू लागली. ती कूस वळवायच्या बेतात असली की मी आधीच तिकडं सरकलेली असे. तिनं कंबर उचलून पूल केला, पाय अडकवायला पाहिला, आणि शेवटी हार मानून गादीवर हात आपटला. मी उठले तेव्हा माझे कान तापले होते. मी मॅडमकडे पाहिलं. शाबासकी येईल असं वाटलं होतं.

"ठीक हाय," त्या म्हणाल्या. "आता पिशवीतले मुरमुरे आन."

आमच्या वर्गाची कीर्ती एका पथकाच्या कानावर गेली. हातमागाची साडी नेसलेल्या एक बाई आणि एक फोटोग्राफर आले. संकटातल्या मुली लढायला शिकताहेत, असं काहीसं त्यांना छापायचं होतं. पण मुली पहिल्यांदाच फोटो निघतोय म्हणून खिदळत होत्या. फोटोग्राफर वैतागला. "जरा उदास बघा ना," तो म्हणाला.

मॅडम पडल्या जागेवरून बोलल्या, "उदास पाह्यजे तं या झाडे बाईले घ्या. तिचा पगार नाही झाला अजून."

हातमागाच्या बाईंनी खाली बसून हळुवार आवाजात विचारलं, "ताई, या खेळामुळे मुलींच्या मनाला उभारी येते का?"

"उभारी नाही येत, बाई. बारदान्याची खाज येते."

ती मुलाखत कुठं छापून आल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

खरेदीचा हंगाम सुरू झाला आणि जिनिंगच्या आवारात कापूस खरेदीचं केंद्र लागलं. आमचा हॉल एका बाजूला होता, म्हणून तो आमच्याकडेच राहिला. बाहेर बैलगाड्या आणि ट्रॅक्टरांच्या रांगा. लोक गाड्यांखाली झोपत, तिथंच भाकरी खात. केंद्राचा राजा म्हणजे ग्रेडर. काळा चष्मा, इस्त्रीचा सफारी. तो गाडीजवळ येई, चिमूटभर कापूस उचलून दोन बोटांत ताणे आणि मेलेलं झुरळ टाकावं तसा टाकून देई. ओला आहे. पिवळा आहे. कवडी आहे. शेतकऱ्याच्या गाडीतला जो कापूस त्याला चालत नसे, तोच व्यापाऱ्याच्या ट्रकमधून मागच्या फाटकानं आला की पांढराशुभ्र होई. हे सगळ्यांना दिसत होतं. दिसतं ते बोलायची सोय नव्हती, कारण पुढच्या वर्षीही तोच असणार होता.

एकदा तो आमच्या हॉलमध्ये डोकावला. दुपारी जरा आडवं व्हायला जागा मिळेल का, त्यानं विचारलं.

"मिळन ना," मॅडम म्हणाल्या. "पन इथं जो आडवा होते त्याच्यावर कोनीतरी बसते. पाह्य बा." तो गेला.

त्या शनिवारी सकाळची शाळा करून आम्ही दुपारी वर्गाला जमलो होतो. ग्रेडरनं अचानक जाहीर केलं की बारदाना संपला, मोजमाप बंद. गाड्या घेऊन घरी जा. लोक बैल जुंपायलाही लागले. तेवढ्यात कोणीतरी मागच्या फाटकाशी गेला, आणि तिथं व्यापाऱ्याचा ट्रक रिकामा होताना त्यानं पाहिला. मग जो आवाज उठला तो मी आजवर ऐकला नाही. वजनकाट्याच्या खोलीच्या काचा फुटल्या. ग्रेडरची कॉलर कोणी धरली, ती फाटून धरणाऱ्याच्या हातात राहिली, आणि तो माणूस वाट फुटेल तिकडं पळाला. उघडं दार एकच होतं, आमचं.

तो आत आला, ताडपत्रीच्या काठाला अडखळला आणि मॅडमच्या पुढ्यात उताणा झाला. तो पडला की मॅडमनी पाय घातला, यावर गावात दोन मतं आहेत. मी तिथं होते आणि मलाही सांगता येणार नाही. मला एवढंच दिसलं की पुढच्या क्षणी त्याची मान मॅडमच्या काखेत होती, चष्मा गादीवर होता आणि मॅडमचं सगळं विद्यापीठ त्याच्या छातीवर होतं.

"पोरीहो, मांगच्या दारानं निघा," त्या म्हणाल्या. मुली निघाल्या. प्रज्ञा तेवढी आतच थांबली, कारण धावत आलेल्या लोकांत सगळ्यात पुढं तिचे वडील होते, हातात बैल टोचायची तुतारी. त्यांच्या मागं काठ्या, दगड, आणि मागून ढकलणारे आणखी लोक.

"बाई, बाजूले व्हा," भगतभाऊ म्हणाले.

"होत नाही. मारा. पन आधी माह्या आंगावर पडन, मंग याच्या. अन् भगतभाऊ, या गादीत तुमच्या घरचा कापूस हाय. त्यावर रगत सांडता का?"

भगतभाऊंचा हात खाली आला नाही, पण पुढंही गेला नाही. काखेतून ग्रेडरचा घोगरा आवाज आला, "बाई, सोडा. श्वास कोंडतो."

"सोडतो. भाइर जातं का?"

त्यानं तिरप्या मानेनं दाराकडे पाहिलं. "नको," तो म्हणाला.

"मंग पडून राह्य."

पुढचे थांबले होते, पण मागच्यांना आतलं काही दिसत नव्हतं. ते रेटत होते, आणि पत्र्यावर दगड पडू लागले. मॅडमनी मान वळवून मला हाक मारली. "झाडे. इकडं ये. तू धर याले. मले दाराशी जा लागते."

मी लग्नाची, मास्तरीण, आणि समोर निम्मं गाव. "पळाला तं मारून टाकतीन त्याले," त्या साध्या आवाजात म्हणाल्या. "ये."

मी गेले. त्या सरकल्या तशी मी त्याच्या छातीवर आडवी पडले, एक हात मानेखालून, एक मांडीपाशी. खोबरेल तेलाचा, घामाचा आणि भीतीचा वास. त्याचं काळीज माझ्या बरगडीवर धडधडत होतं. मॅडमचं ओझं जाऊन काडीचं आलं, हे त्याला लगेच कळलं. त्यानं एकदा जोर करून पाहिला. "मी सरकारी माणूस आहे," तो माझ्या कानाशी म्हणाला. मी कंबर खाली टाकली आणि श्वास सोडला. तो पुन्हा हलला नाही.

दारातून मॅडमचा आवाज येत होता. "तुमाले कापूस मोजाचा हाय का मानूस मोजाचा हाय? मेलेला ग्रेडर सही करत नाही, बापहो. जित्ता करते. जित्ता ठेवा त्याले." मग वळून, "का रे? मोजतं का सगळ्या गाड्या?"

"मोजतो," तो माझ्याखालून ओरडला. "पण बारदाना नाही खरंच."

"बारदाना नाही?" मॅडमनी प्रज्ञाला बखोटीला धरून पुढं ओढलं, अंगरख्यासकट. "हे काय हाय मंग? पोरी कमी पडल्या तं झाडे बाईचाबी काढू."

पहिलं कोण हसलं ते कळलं नाही. पण एक हसला, मग त्याच्या मागचा हसला, आणि दगड बंद झाले. भगतभाऊंनी तुतारी भिंतीला टेकवून ठेवली. व्यापाऱ्याच्या ट्रकमध्ये कोऱ्या बारदान्याची गाठच सापडली. दिवस मावळेपर्यंत मोजमाप चाललं. ग्रेडर टेबलाशी बसून सह्या करत होता, आणि मॅडम त्याच्याशेजारी दुसरी खुर्ची टाकून मुरमुरे खात होत्या. पोलीस आले तेव्हा त्यांना करायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी गर्दी पांगवली. गर्दी तेव्हा रांगेत उभी होती.

यानंतर न्याय झाला. ग्रेडरनं दोन महिलांनी अंगावर पडून मारहाण केल्याची तक्रार दिली. ठाणेदारानं विचारलं, नेमकं काय केलं? त्याला ते नीट सांगता येईना, करून दाखवायला कोणी शिपाई गादीवर निजायला तयार होईना, आणि तक्रार तिथंच राहिली. वरून चौकशी आली. चौकशीत निघालं की ग्रेडरनं कमालीचा संयम दाखवून परिस्थिती आटोक्यात आणली. त्याला आणखी मोठं केंद्र मिळालं. आमचं केंद्र बारदान्याअभावी पुढचे बरेच दिवस बंद राहिलं. डॉक्टरांची बदली झरी जामणीकडं मुकुटबनला झाली, प्रशासकीय कारणास्तव. मोहोड सरांनी मला बोलावून, शिक्षिकेला हे शोभत नाही, असं सांगितलं आणि वर्ग बंद केला. त्याच दिवशी त्यांनी शाळेत स्वसंरक्षणाचा उपक्रम यशस्वीपणे राबवल्याचं वर कळवलं.

मला वणीचं एक स्थळ आलं होतं, ते गेलं. मध्यस्थ आईला म्हणाला, "मुलगी माणूस दाबून ठेवते, असं त्यांच्या कानावर गेलं." आई दोन दिवस रडली. मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या सामान बांधत होत्या, म्हणजे डॉक्टर बांधत होते आणि त्या दिवाणावरून सांगत होत्या. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "धराच्या आधीच निसटून राह्यला, तो धरल्यावर काय टिकला असता?"

"मॅडम, तुम्हाला वाईट नाही वाटत? तुम्हीच त्याला वाचवलं आणि तुम्हालाच जावं लागतं."

"वाईट वाटते ना. भल्ला वाईट वाटते. तो फोटोवाला त्या दिवशी काहून नाही आला, याचं." मग त्या कुशीवर वळल्या. "भगतभाऊ चांगला मानूस हाय. जन्मठेप झाली असती त्याले. त्या सफारीवाल्यासाठी. म्हनून धरलं म्या." इतकं सरळ बोलणं त्यांना सोसलं नसावं. लगेच त्या डॉक्टरांवर ओरडल्या की पदक भांड्यात नका टाकू, पोचे पडतात.

त्या गेल्या. मी कायम झाले, मोहोड सर निवृत्त झाले, आणि मी पुन्हा मुलींना घेऊन गादीवर उतरले. प्रज्ञा आज पोलिसात आहे. माझं लग्न झालं, उशिरा, पण चांगलं झालं. मॅडमना मी अधूनमधून फोन करायची. त्या फोनवर कोण काय चुकीचं करतं याची यादी सांगायच्या आणि मध्येच ठेवून द्यायच्या. मग एके दिवशी फोन डॉक्टरांनी उचलला. अर्धांगाचा झटका, उजवी बाजू गेली.

मी मुकुटबनला गेले. निवृत्तीनंतर त्यांनी तिथंच छोटं घर बांधलं होतं. मॅडम पलंगावर होत्या, देह तेवढाच, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला पाहून त्यांनी डावा हात हलवला आणि पलंगाशेजारची खुर्ची दाखवली. ती मी ओढून घेतली. बोलणं अस्पष्ट झालं होतं, बोचणं नाही. माझ्या पोटाकडं पाहून त्या म्हणाल्या, "वजन… आलं… आता."

दुपारी डॉक्टर म्हणाले, कूस बदलायची वेळ झाली, नाहीतर पाठीला जखमा होतात. मी मदतीला उठले. त्यांनी मानेनंच नको म्हटलं. ते अजून तसेच बारीक होते, चष्मा तेवढा जाड झालेला. त्यांनी चष्मा काढून टीव्हीवर ठेवला, पलंगावर गुडघा टेकला, एक हात मॅडमच्या मानेखालून घातला आणि दुसरा कमरेपलीकडे. मॅडम घोगऱ्या आवाजात सूचना देत होत्या. हातानं नका उचलू. कंबर. कंबर खाली. डॉक्टरांनी कंबर खाली घेतली, मॅडमना छातीशी ओढलं आणि स्वतः मागं कलंडत त्यांना आपल्या अंगावरून फिरवलं. पण दम कमी पडला. मॅडम अर्ध्यात थांबल्या, आणि त्यांचं सगळं वजन डॉक्टरांवर आलं. डॉक्टरांचं फक्त कपाळ आणि एक कान दिसत होता.

मी धावले. डॉक्टरांनी खालून मोकळा हात वर करून मला थांबवलं.

"दबले… का?" मॅडमनी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "राहू दे थोडा वेळ."

मॅडमनी डोळे मिटले. त्यांचा डावा हात चाचपडत डॉक्टरांच्या केसांपर्यंत गेला आणि तिथं राहिला. मी चहा ठेवायला आत गेले. साखर कुठं आहे ते विचारायचं होतं, पण मी हाक मारली नाही. मी एकेक डबा उघडून पाहत राहिले.